सॅल्मन सुरमईसारखा तव्यावर तळतोय, पण कातडी चिकटते, तुकडा फुटतो आणि वर पांढरं काहीतरी सुटतं. काय करू?

तुम्ही लिहिलंय की अमेरिकेत नवीन आहात, सुपरमार्केटमधून सॅल्मन आणता, आईच्या पद्धतीने हळद-तिखट-मीठ-लिंबू लावून तासभर ठेवता, रव्यात घोळवता आणि स्टीलच्या पॅनमध्ये तळता, आणि दर वेळी कातडी पॅनलाच राहते, आतला मासा कोरडा होतो आणि वर पांढरट चीक येतो. मी कोकणातला, आता बरीच वर्षं सिएटलकडे राहतोय आणि इथे सॅल्मन आमच्या घरी नेहमीचा झालाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं म्हणजे तुमचा हात चांगला आहे, मासा वेगळा आहे. आपण सुरमई आडवी कापतो, मधे काटा, भोवती कातडी, दोन्ही बाजू सारख्या, त्यामुळे इकडून तळली की तिकडून तळायची. सॅल्मनचा फिले उभा कापलेला असतो, एका बाजूला सगळी कातडी आणि दुसऱ्या बाजूला उघडं मांस. त्यामुळे दोन्हीकडून सारखाच वेळ तळला की मांसाची बाजू जास्त शिजून कोरडी होणारच. सॅल्मन जवळजवळ सगळा कातडीच्या बाजूनेच शिजवायचा असतो, मांसाची बाजू पॅनला फक्त मिनिटभर लागली तरी पुरे. एवढं एक बदललंत तरी अर्धं काम झालं.

आता लिंबू आणि रवा. लिंबू किंवा आगळ तासभर लावून ठेवलं की आंबटाने वरचं मांस आधीच पांढरट आणि घट्ट होतं, मग ते तव्यावर अजूनच कोरडं लागतं. बांगड्याला तो वास मारायला आंबट लागतं हे खरं, पण ताज्या सॅल्मनला तशी गरज नसते, लिंबू ताटात पिळा. रव्याचं असं की तो लालसर कुरकुरीत व्हायला वेळ आणि भरपूर तेल लागतं, तेवढ्यात सॅल्मन आतून केव्हाच शिजून पुढे गेलेला असतो. शिवाय या माशाला स्वतःचंच तेल खूप. पाळलेल्या अटलांटिक सॅल्मनमध्ये शंभर ग्रॅमला साधारण १३ ग्रॅम चरबी असते, त्यावर तेल प्यायलेला रवा म्हणजे खाताना जड जड होतं. रव्याचा कुरकुरीतपणा इथे कातडी देते, आणि नीट तळलेली सॅल्मनची कातडी खाल्लीत की रव्याची आठवण येणार नाही हे मी अगदी मनापासून सांगतोय. लोक ती काढून टाकतात ते बघून मला खरंच वाईट वाटतं.

तो पांढरा चीक म्हणजे अल्ब्युमिन, माशातलं प्रोटीन. खराब नाही, खाल्लं तरी चालतं. मांस तापलं की आकसतं आणि आतलं प्रोटीनवालं पाणी बाहेर पिळलं जातं, ते वर येऊन गोठतं. जितकी मोठी आच आणि जितका जास्त वेळ, तितकं जास्त सुटतं, म्हणजे चीक भरपूर दिसला तर समजायचं मासा गरजेपेक्षा जास्त शिजला. कमी करायचा उपाय सोपा आहे, एक लिटर थंड पाण्यात ५० ग्रॅम मीठ विरघळवा आणि तुकडे त्यात १०-१५ मिनिटं बुडवून ठेवा. चव आतपर्यंत जाते, चीक बराच कमी येतो आणि मांस जरा घट्ट होऊन फुटत नाही. मग वरून वेगळं मीठ टाकू नका.

पाण्यातून काढलं की कोरडं करणं. यात घाई करू नका, चिकटण्याचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं. कातडी ओली असेल तर पॅनची उष्णता आधी ते पाणी उडवण्यात जाते, कातडी तळली न जाता वाफवली जाते, चिवट होते आणि धातूला धरून बसते. पेपर टॉवेलने दाबून दाबून पुसा, मग सुरीची पाठ कातडीवरून हलकेच फिरवा, खवल्यांच्या खालून अजून पाणी निघतं ते परत पुसा. खवले राहिले असतील तर तेही तेव्हाच शेपटीकडून डोक्याच्या दिशेने खरवडून निघतात. वेळ असेल तर ताटलीत कातडी वर करून उघडंच तासभर फ्रिजमध्ये ठेवा, कातडी हाताला कागदासारखी कोरडी लागली पाहिजे. मांसाच्या मधोमध बोट फिरवून बारीक काटे लागतात का बघा आणि चिमट्याने ज्या दिशेने काटा झुकलाय त्याच दिशेने ओढा, उलटं ओढलं तर मांस फाटतं.

मसाला लावायचाच असेल (मलाही लागतोच) तर फक्त मांसाच्या बाजूला, हळद आणि थोडं तिखट, पातळसा. कातडीला काही नाही, फार तर तांदळाच्या पिठाची चिमूट भुरभुरवून झटकून टाकायची. तिखट पॅनला लागलं की करपून कडू होतं आणि खोकला येतो तो वेगळा, इथल्या अपार्टमेंटमध्ये तर स्मोक अलार्म लगेच बोंबलतो.

स्टीलचा पॅन चालतो, बिडाचा त्याहून छान. सवय होईपर्यंत नॉनस्टिक घेतलात तरी काही बिघडत नाही, फक्त तो रिकामा खूप तापवू नका. स्टीलचा असेल तर आधी मध्यम आचेवर तीन-चार मिनिटं तापू द्या, इलेक्ट्रिक शेगडी हळू तापते म्हणून थोडा धीर धरावा लागतो. मग दोन चमचे साधं रिफाइंड तेल, बटर नको, ते आधीच जळतं. तेल पाण्यासारखं पातळ होऊन चमकायला लागलं की तुकडा कातडी खाली करून आपल्यापासून लांबच्या दिशेने अलगद ठेवा. लगेच कातडी आकसून तुकडा धनुष्यासारखा वाकायला बघतो, तेव्हा उलथण्याने वरून १५-२० सेकंद हलका दाब द्या म्हणजे कातडी सगळीकडे टेकते. आच थोडी कमी करा. आणि आता हात लावायचा नाही, सरकवायचं नाही, खाली बघायला उचलायचं नाही. कच्चं प्रोटीन गरम धातूला चिकटतंच, पण खालची कातडी पुरती तळली गेली की ती स्वतःहून सुटते. उलथण्याची कड खाली सरकवून बघितली आणि अडली तर मिनिटभर थांबा, जोर लावला की कातडी गेलीच.

आवाजावर लक्ष ठेवा, सारखं बारीक चुरचुरत राहिलं पाहिजे. आवाज बसला तर आच कमी पडतेय, तेल उडायला लागलं तर जास्त आहे. आणि तुकड्याच्या बाजूने बघा, खालून वर रंग बदलत जातो, ओलसर केशरीचा फिका गुलाबी होतो आणि ती रेघ हळूहळू वर चढते. इंचभर जाडीच्या तुकड्याला सहा-सात मिनिटांत रेघ वरपर्यंत पोचायला थोडीच उरते, तेव्हा उलटा, आच बंद करा, पॅनच्या उरलेल्या गरमीवर मिनिटभर राहू द्या आणि काढा. ताटात कातडी वरच ठेवा, खाली ठेवली तर वाफेने मऊ पडते. शेपटीकडचा पातळ तुकडा वेगळा कापून नंतर टाका, तो निम्म्या वेळात होतो.

थर्मामीटर स्वस्तात मिळतो, घ्याच. इथला सरकारी सल्ला ६३ अंश सेल्सिअसचा आहे, म्हणजे १४५ फॅरनहाइट, आणि घरात गरोदर बाई, लहान मूल किंवा वयस्कर माणूस असेल तर तोच पाळा. बरीच रेस्टॉरंट्स पाळलेला सॅल्मन ५२ च्या आसपास काढतात, तेव्हा तो आत रसरशीत राहतो. कमी शिजवलेला आवडत असेल आणि मासा पाळलेला नसून जंगली असेल तर व्यावसायिक फ्रीझरमध्ये गोठवलेलाच घ्या, कारण जंगली सॅल्मनमध्ये अ‍ॅनिसाकिस नावाचे कृमी असू शकतात आणि उणे २० अंशांत सात दिवस गोठवल्यावर ते मरतात. घरच्या फ्रीझरवर त्यासाठी भरवसा ठेवू नका.

कुठला घेताय त्यावरही वेळ ठरतो. पाकिटावर अटलांटिक लिहिलं असेल तर तो पाळलेला, नॉर्वे, चिली किंवा कॅनडाकडून आलेला, चरबी जास्त म्हणून शिकायला उत्तम, थोडं इकडेतिकडे झालं तरी सांभाळून घेतो. सॉकाय म्हणजे गडद लाल, अलास्काचा जंगली, चव जबरदस्त पण चरबी अटलांटिकच्या जवळपास निम्मीच, तुकडाही पातळ, तो चार-पाच मिनिटांत होतो आणि जरा दुर्लक्ष झालं की भुगा. आमच्याकडे मे महिन्याच्या मध्याला अलास्कातल्या कॉपर रिव्हर नदीच्या सॅल्मनचा सीझन सुरू होतो तेव्हा किंग (सॅल्मनचीच आणखी एक जात) आणि सॉकाय ताजे येतात. किंग महाग असतो पण चरबीदार आणि जाड, एकदा तरी नक्की करून बघा. आणि कोणी रावसाला इंडियन सॅल्मन म्हणत असेल तर रावस हा पूर्ण वेगळ्या कुळातला मासा आहे, त्याला आपली रव्याची पद्धतच छान लागते.

फ्रोजन आणलात तर रात्रभर फ्रिजमध्ये ठेवून बर्फ सुटू द्या, आणि व्हॅक्यूम पाकीट असेल तर ते आधी कापून उघडा. हवाबंद पाकिटात थंडीतही बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू वाढू शकतात म्हणून हे सांगतात, कंटाळा करू नका.

शेवटी आमच्या घरची पद्धत. मासा काढल्यावर पॅनमधलं तेल बरंचसं ओतून टाकायचं, चमचाभर ठेवायचं, त्यात ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता, लसूण लाल होताच खाली उतरवून मग अर्धा चमचा तिखट, आणि ही फोडणी ताटातल्या तुकड्याच्या बाजूला, कातडीवर नाही. सोबत गरम भात, सोलकढी आणि काकडीची कोशिंबीर. उरला तर दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये घालू नका, घरभर वास सुटतो आणि मांस रबरासारखं होतं, थंडच कुस्करून कांदा, मिरची, कोथिंबीर, लिंबू घालून पोळीत गुंडाळा. तुमचा पॅन नक्की कुठला आणि शेगडी गॅसची की इलेक्ट्रिक ते कमेंटमध्ये लिहा, म्हणजे आच किती ठेवायची ते नीट सांगता येईल.