‘कूल’ असणं म्हणजे नेमकं काय, आणि हे आलं कुठून?

आजचा अर्थ अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय जॅझ वादकांकडून जगभर गेला. १९४० च्या आसपास सॅक्सोफोनवादक लेस्टर यंग यांच्यामुळे हा शब्द रुजला असं मानतात. मंचावरही काळा चष्मा, वादन मऊ, घाई अजिबात नाही. पण याला निव्वळ ऐट समजू नका. राग उघड दाखवला तर जिवावर बेतेल अशा वर्णद्वेषी समाजात चेहरा शांत ठेवणं ही स्वतःचा मान राखण्याची रीत होती. मला हीच बाजू सर्वांत मोलाची वाटते.

कलेतिहासकार रॉबर्ट फॅरिस थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये याची मुळं पश्चिम आफ्रिकेत दाखवली. योरुबा भाषेतल्या ‘इतुतू’चा अर्थ शीतलता, त्यात संयम, सौम्यपणा, औदार्यही येतं. मराठीतलं ‘डोकं थंड ठेव’ याच्या जवळ जातं, ‘भारी’ नाही.