दंडाचे हाड मोडल्यावर लोंबणारे मनगट

प्रश्न : सहा आठवड्यांपूर्वी पडल्यामुळे माझ्या भावाचे दंडाचे हाड मधोमध मोडले. जखम उघडी नव्हती. तेव्हापासून त्याचे मनगट खाली लोंबते, बोटे आणि अंगठा वर उचलता येत नाहीत, पकडही सैल झाली आहे. डॉक्टर थांबायला सांगतात. आम्ही शस्त्रक्रियेचा आग्रह धरावा का?

उत्तर : डॉक्टरांचा सल्ला योग्य वाटतो, मात्र थांबायचे म्हणजे काहीच करायचे नाही, असे नव्हे. मानेतून निघणाऱ्या पाच मुळांचे खांद्याजवळ जाळे तयार होते आणि त्यातून हाताकडे जाणाऱ्या मज्जातंतूंपैकी रेडियल नर्व्ह दंडाच्या हाडाला मागून वळसा घालत, त्याला अगदी लगटून खाली उतरते. म्हणूनच हे हाड मोडून एखाद्या नर्व्हला इजा झालीच, तर ती बहुधा हिलाच होते. कोपर सरळ करणाऱ्या स्नायूला तिच्या शाखा वरच मिळालेल्या असल्यामुळे ती हालचाल सहसा शाबूत राहते. मूठ वळणारे स्नायू मीडियन व अल्नर या दुसऱ्या दोन नर्व्हवर चालतात. तरीही पकड सैल पडते, कारण मनगट वाकलेले असताना त्या स्नायूंना पुरेसा ताण मिळत नाही. भावाचे मनगट हाताने वर धरून मूठ वळायला सांगा, फरक लगेच जाणवेल. स्प्लिंट, म्हणजे मनगट वर धरून ठेवणारा आधार, लावण्यामागचे कारणही हेच आहे.

उघडी जखम नसलेल्या अशा बहुतेक रुग्णांत नर्व्ह तुटलेली नसते, ताणली किंवा चेपली गेलेली असते आणि ती आपोआप सुधारते. आतले तंतू तुटून बाहेरचे आवरण टिकले असेल, तर नवी वाढ दिवसाला साधारण १ मिलिमीटर होते. इजेपासून पहिल्या स्नायूपर्यंतचे अंतर ९ सेंटीमीटर धरले, तरी तीन महिने लागतात. आधी कोपराजवळचा स्नायू, मग मनगट, त्यानंतर बोटे आणि शेवटी अंगठा असा सुधारणेचा क्रम असतो. इथे एक फसगत होते, ती ओळखणे मला फार महत्त्वाचे वाटते : मनगटाला आधार दिल्यावर बोटांची टोकाकडची पेरे सरळ होतात, पण ते काम तळहातातल्या लहान स्नायूंचे असते. बोटे मुळापासून उचलली गेली, तरच रेडियल नर्व्ह जागी झाली असे समजावे.

तोपर्यंत मनगट, बोटे व अंगठा यांचे सांधे दुसऱ्या हाताने रोज पूर्ण हलवावेत, कारण आखडलेल्या सांध्याला नर्व्ह परतूनही उपयोग होत नाही. ईएमजी (स्नायूतील विद्युत हालचाल मोजणारी) व नर्व्ह कंडक्शन (नर्व्हमधून संदेश कसा जातो ते पाहणारी) या तपासण्या तीन-चार आठवड्यांनंतर विश्वासार्ह ठरतात. अजून झाल्या नसतील तर त्या आता कराव्यात. तीन ते चार महिन्यांत सुधारणेची कोणतीच खूण दिसली नाही, तर मात्र नर्व्ह उघडून पाहण्याविषयी सर्जनशी स्पष्ट बोलावे, कारण वर्ष-दीड वर्ष संदेशाविना राहिलेला स्नायू नर्व्ह जोडूनही सहसा पुन्हा काम करत नाही. त्यानंतरही चालू स्थितीतील स्नायूची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) वळवून मनगट उचलण्याची शस्त्रक्रिया करता येते.