शाळेत पक्ष्यांचा क्लब काढायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न: ताई, मी डिचोलीला नववीत आहे. मला पक्षी बघायचा क्लब काढायचाय पण हेडमास्तर म्हणाले आधी मुलं दाखव, आणि मैत्रिणी म्हणतात आधी परमिशन आण. काय करू?

उत्तर: अगं, परमिशनचं नंतर बघू, आधी एक टीचर गाठ, विज्ञानाच्याच असायला हव्यात असं काही नाही, शनिवारी शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबतील अशा कुणीही. मग एका वहीत पाच-सहा जणींची नावं, भेटायचा वार आणि पहिल्या महिन्यात काय करणार ते लिही आणि ती वही घेऊन हेडमास्तरांकडे जा, तोंडी विचारलंस की "बघू" म्हणतात. पैसे अजिबात मागू नको, दुर्बीण नसली तरी चालतं, वायंगणाच्या, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताच्या, शेताच्या बांधावर सकाळी सातला उभं राहिलं की बगळे, वेडा राघू, तारेवर बसलेला खंड्या नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

फेब्रुवारीत 'ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट' असतो, चार दिवस, किमान 15 मिनिटं पक्षी मोजून ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकायचे, फुकट आहे, पहिला कार्यक्रम म्हणून मला हाच सगळ्यात आवडतो. सहलीचं नंतर, रायबंदरहून फेरीने चोडण बेटावर डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्यात जाता येतं, पण पालकांची लेखी परवानगी आणि टीचर सोबत पाहिजेतच.

आणि आठवीच्या मुलींना आत्ताच घे गं, तुम्ही दहावीत गेलात की वही कुणाकडे देणार?