नाशिकच्या सातपूरला पहिली नोकरी लागलीय ना, मग एवढं कर

अरे, पहिले सहा महिने सगळ्यांचीच ओढाताण होते. घाबरू नकोस.

पगार झाला की त्याच दिवशी खोलीभाडं आणि बचत बाजूला काढ. माझा पहिला पगार 20 तारखेलाच संपला होता. उरलेले दिवस पोह्यांवर काढले. मूळ पगाराच्या 12 टक्के पीएफ (भविष्य निर्वाह निधी) कापला जात असेल, तर यूएएन, म्हणजे नोकरी बदलली तरी तोच राहणारा पीएफचा क्रमांक, चालू करून घे. नोकरी बदलताना ते पैसे काढू नकोस, नव्या खात्यात वळव.

भाजी बुधवारी गोदाघाटावरच्या बाजारातून आण. रात्रीच कणीक मळून, तेलाचा हात लावून ठेव, म्हणजे सकाळच्या शिफ्टआधी डबा होतो.

नवख्यांची मोठी चूक म्हणजे प्रत्येक ओव्हरटाइमला 'हो' म्हणणं. रविवारी पांडवलेणी चढून ये, खरंच. गुंतवणुकीचं वर्षभरानं बोलू.