'दुष्काळसदृश' म्हणजे नेमकं काय?

एका वाचकांचा प्रश्न आहे: 'दुष्काळ', 'टंचाई' आणि 'दुष्काळसदृश परिस्थिती' यांत अर्थाचा फरक आहे, की नुसता शब्दांचा?

बोलण्यात फरक आहेच. टंचाई असते पाण्याची, चाऱ्याची, खताची; ती भासते आणि निभावूनही नेता येते. दुष्काळ म्हणजे काळच वाईट. तो पडतो आणि सालाला चिकटून राहतो. 'बहात्तरचा दुष्काळ' म्हणतात, बहात्तरची टंचाई कुणाच्या तोंडी नाही. तेरावा महिनासुद्धा दुष्काळातलाच.

सरकारी भाषेत मात्र हा फरक कायदा करून पुसला गेला. राज्याला लागू असलेल्या कायद्यांतून 'फॅमिन' (दुष्काळ) हा शब्द काढून तिथं 'स्कॅर्सिटी' (टंचाई) घालण्यासाठी महाराष्ट्रात १९६३ साली खास कायदाच झाला. कारण असं दिलं, की पिकांच्या स्थितीवर सरकारचं सतत लक्ष असतं, टंचाईची चिन्हं दिसताच उपाय होतात, त्यामुळे दुष्काळाला वावच उरलेला नाही. पुढे नऊच वर्षांनी बहात्तर साल उजाडलं.

'सदृश' ही त्यानंतरची पायरी. ऑक्टोबर २०१५ मध्ये चौदा हजारांहून जास्त गावांत 'दुष्काळसदृश परिस्थिती' जाहीर झाली. प्रकरण उच्च न्यायालयात होतं. मे २०१६ मध्ये 'दुष्काळसदृश' ऐवजी 'दुष्काळ' वाचावे, अशी दुरुस्ती निघाली. त्याआधीच, एप्रिलमध्ये, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी न्यावं लागलं होतं. २०२३ मध्ये पुन्हा तेच: ४० तालुक्यांत 'दुष्काळ' आणि त्याबाहेरच्या हजारावर महसूल मंडळांत 'दुष्काळसदृश'.

सदृश म्हणजे सारखा, म्हणजेच तो नव्हे. एरवी या शब्दाचं मला वावडं नाही. 'ढगफुटीसदृश पाऊस' हा प्रयोग प्रामाणिक आहे, कारण ढगफुटी म्हणायला तासाभरात १०० मिलिमीटर पाऊस मोजलेला असावा लागतो आणि प्रत्येक गावात पर्जन्यमापक नसतो. दुष्काळाचं तसं नाही. पेरणी वाया गेली, विहीर आटली, टँकर सुरू झाला, तर 'सारखा' कशाच्या सारखा? इथं हा शब्द वर्णन करत नाही, सरकारची जबाबदारी दुष्काळाच्या अलीकडे थांबवतो.

मला जास्त लागतं ते आपलं. आधी शासन निर्णयात आलेला शब्द बातमीत आला, मग पारावर. 'यंदा आमच्याकडं दुष्काळसदृश आहे' असं आता शेतकरीच सांगतात, आणि ऐकणाऱ्याला त्यात काही खटकत नाही.

तेव्हा लिहिताना सरकारनं काय जाहीर केलं हे सांगायचं असेल, तर 'दुष्काळसदृश' अवतरणात, जाहीर करणाऱ्याच्या नावासह लिहावं. गावात काय झालंय हे सांगायचं असेल, तर दुष्काळ पडलाय असंच लिहावं.