इझनिकचा लाल

प्रश्न : इस्तंबूलच्या रुस्तम पाशा मशिदीत भिंतींच्या फरश्यांवरचा लाल रंग अगदी उठून आलेला, चक्क जाड दिसतो. निळ्या मशिदीत मात्र तोच लाल बऱ्याच ठिकाणी तपकिरी वाटला. जुना होऊन उडाला का?

उत्तर : उडालेला नाही. हा रंग झिलईच्या, म्हणजे वरच्या काचेसारख्या थराच्या, खाली असतो. बिघडला तो भट्टीतच.

दोन्हीकडच्या फरश्या तुर्कस्तानातल्या इझनिक गावच्या. गाभा मुख्यतः दळलेल्या गारगोटीचा. ती धरून ठेवायला काचेची पूड आणि थोडी पांढरी माती. त्यावर पांढरा लेप, लेपावर नक्षी, वरून शिशाची पारदर्शक झिलई आणि सुमारे ९०० अंशांची भाजणी. निळा कोबाल्टचा, फिरोजी तांब्याचा. लाल मात्र लोहाच्या मातीचा. आपला गेरूच म्हणा ना. कोबाल्टचा पातळ हातही पुरतो. गेरूचा पातळ थर वितळलेली झिलई खाऊन टाकते आणि उरतो तो तपकिरी डाग. म्हणून ही माती दाट कालवून जाड थापावी लागते. आपल्याला दिसलेला उठाव त्याचाच.

इमारतीवर हा लाल ठळकपणे आला तो १५५७ च्या सुलेमानिये मशिदीत. रुस्तम पाशाची मशीद त्यानंतर चार-पाच वर्षांतली, म्हणजे कारागिरांचा हात बसलेला. निळी मशीद १६०९ ते १६१७ मधली. तिला वीस हजारांहून जास्त फरश्या लागल्या, महागाई वाढत असताना दरबारने दर मात्र बांधून दिलेले. मग माल उतरणारच! तिथल्या उत्तम फरश्या वरच्या सज्जात आहेत, खालून नीट दिसत नाहीत. आणि घुमटाकडची निळाई फरशीची नव्हेच, ती गिलाव्यावरची रंगवलेली नक्षी.

प्रश्न : रुस्तम पाशा मशीद दुकानांच्या डोक्यावर का बांधली?

उत्तर : इस्तंबूलच्या एमिनोन्यू भागातली ही जागा सखल आणि बाजाराने गच्च भरलेली. ऑटोमन दरबाराचा वास्तुकार सिनान याने खाली कमानदार छताची दुकाने घेतली, वर मशीद. दुकानांचे भाडे वक्फला. गच्चीवर मोठे अंगण मावेना, म्हणून दारापुढे दुहेरी ओसरी. घुमट आठ आधारांवर आहे; चार अष्टकोनी खांब मोकळे, चार भिंतींत गुंतलेले. जिना अरुंद, बाजाराच्या गल्लीतून चटकन सापडत नाही. वर गेल्यावर ओसरीतली भिंतही पाहा. नक्षी मध्येच तुटून भलतीच फरशी दिसली, तर ती नंतरची डागडुजी.