मागचा पिस्टन क्लॅम्पने आत का जात नाही?

प्रश्न : ताई, माझ्याकडे दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार आहे. इंजिन पुढे, जोर मागच्या चाकांना. गेल्या वर्षी पुढच्या ब्रेकच्या डिस्क आणि पॅड घरीच बदलले, सहज जमलं. त्या धीरावर यंदा मागचे काढायला बसलो. जुने पॅड निघाले, डिस्कही ठोकून सुटली. पण नवे पॅड बसावेत म्हणून पिस्टन आत ढकलायला गेलो, तर सी-क्लॅम्प सगळा जोर लावून आवळला तरी तो सूतभरही हलेना. गाडी तशीच जॅक स्टँडवर आहे. कॅलिपर जाम झाला असेल का? नवाच आणू, की मोठा क्लॅम्प लावून पाहू?

उत्तर : मोठा क्लॅम्प नको, आणि लावलेला असेल तर तोही आधी सोडवा. तुमचा कॅलिपर, म्हणजे पिस्टनने पॅड डिस्कवर दाबणारा चिमटा, बहुधा धडधाकट आहे. पुढच्या कॅलिपरमध्ये पिस्टन नुसता तेलाच्या दाबावर पुढेमागे होतो. बऱ्याच गाड्यांच्या मागच्यात मात्र हँडब्रेकचं काम त्याच कॅलिपरच्या पोटात बसवलेलं असतं. पिस्टनच्या आत आटे पाडलेला दांडा असतो. पॅड झिजत जातील तसा पिस्टन त्या आट्यांवरून थोडा थोडा बाहेर सरकतो, म्हणून हँडब्रेकची ओढ वर्षानुवर्षं सारखी राहते. बाटलीचं फिरकीचं झाकण वरून कितीही दाबलं तरी बसत नाही, तसंच हे.

पिस्टनचं तोंड फडक्याने पुसून बॅटरीच्या उजेडात बघा. त्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच किंवा दोन खळगे दिसले, तर तो फिरवून आत घ्यायचा. खाचांत बसणाऱ्या खुंट्यांचं हत्यार खास त्यासाठी मिळतं. हँडब्रेक पूर्ण सोडा, हलका दाब द्या आणि घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवा. काही गाड्यांत एका बाजूचा पिस्टन उलटा फिरतो. तो बाहेर येतोय असं वाटलं की लगेच थांबा आणि दिशा बदला. आत गेल्यावर खाच कुठे थांबली तेही पाहा. बऱ्याच पॅडच्या पाठीला एक बारीक उंचवटा असतो, तो नेमका त्या खाचेत बसायला हवा. नाहीतर पॅड तिरका बसतो आणि एका टोकाने झिजतो.

तोंड गुळगुळीत असेल, तर गाडी कोणती हे महत्त्वाचं. १९८९मध्ये आलेल्या माझदा एमएक्स-५च्या पहिल्या दोन पिढ्यांत कॅलिपरच्या मागे १४ मिमीचा एक बोल्ट असतो. तो काढला की आत ४ मिमीची षटकोनी अ‍ॅलन की बसते. ती उलटी, म्हणजे काट्यांच्या विरुद्ध दिशेने, फिरवली की पिस्टन आत जातो. नवे पॅड बसवल्यावर सुलटी फिरवत डिस्क घट्ट धरली जाईपर्यंत न्यायची आणि मग एक तृतीयांश फेरा मागे घ्यायची. पोर्शे ९११सारख्या गाड्यांत हँडब्रेकचे शूज (आतून घासणारे अर्धगोल पट्टे) डिस्कच्या पोटातच वेगळे असतात, तिथे पिस्टन सरळ दाबला जातो. तुमचा हलत नाही म्हणजे बहुधा हा प्रकार नव्हे. कॅलिपरवर विजेची मोटर असलेल्या गाड्यांत आधी दुरुस्तीचा मोड लावावा लागतो. जबरदस्ती केली तर आतले दाते तुटतात.

हे मी कळकळीने सांगते आहे, कारण शिकत होते तेव्हा असाच एक पिस्टन मी दहा मिनिटं दाबत बसले होते. क्लॅम्प घसरला आणि पिस्टनभोवतीचा रबरी बूट, म्हणजे धूळ अडवणारं आवरण, कडेला फाटला. मोहरीच्या दाण्याएवढी चीर होती, पण त्यातून पाणी आणि धूळ आत जाऊन पिस्टन गंजला असता, म्हणून अख्खा कॅलिपर उघडावा लागला. तुम्हीही पूर्ण जोर लावला आहे, तेव्हा बुटाच्या कडेवरून बोट फिरवा, ब्रेक ऑइल पाझरतंय का बघा आणि हँडब्रेकचा लिव्हर सोडल्यावर आपल्या टेकूपर्यंत परत येतो का तेही तपासा. लिव्हर अडकला किंवा हत्यार लावूनही पिस्टन फिरला नाही, तर मग नवा कॅलिपर.

पत्रात एक गोष्ट नाही, तिची मला काळजी वाटते. मागची चाकं हवेत असताना तुमची गाडी धरून ठेवणारं काहीच नसतं. हँडब्रेक मागच्याच चाकांवर, आणि गिअरही मागचीच चाकं अडवतो. तेव्हा पुढच्या दोन्ही चाकांना, पुढून आणि मागून, लाकडी पाचरी लावल्याशिवाय गाडीखाली हात घालू नका.

बाकीचं पुढच्यासारखंच. पिस्टन आत जाताना ब्रेक ऑइलची टाकी भरून वाहू शकते आणि ते ऑइल रंग खातं, म्हणून आधी थोडं काढून घ्या. सांडलंच तर भरपूर पाण्याने धुवा. कॅलिपर रबरी नळीवर लोंबकळू देऊ नका, तारेने बांधा. नव्या डिस्कवरचं गंजरोधक तेल ब्रेक क्लीनरने उतरवा. डिस्कच्या आतल्या पात्या वाकड्या असतील तर डावी-उजवी डिस्क वेगळी असते, ती तपासा. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या पिनांना सिलिकॉन ग्रीसच लावा, साध्या ग्रीसने रबर फुगतं. हँडब्रेकची केबल आवळून पॅडची फट भरायला जाऊ नका. पेडल आणि हँडब्रेक पुष्कळ वेळा दाबा-ओढा, फट आपोआप बसते. (वर सांगितलेल्या एमएक्स-५मध्ये ती अ‍ॅलन कीनेच बसते.) आणि गाडी हलवण्याआधी पेडल घट्ट होईपर्यंत दाबाच. पहिल्या दाबाला ते थेट तळाला जातं.

प्रश्न : मागच्या डिस्क आणि पॅड स्वतः बदलले. दोन-तीन महिने छान चाललं, आता ब्रेक लावला की सीटखाली धडधडतं. डिस्क वाकली म्हणतात. नव्या डिस्क एवढ्यात वाकतात?

उत्तर : सहसा वाकत नाहीत. धडधड पहिल्या दिवसापासून असती तर मी वेगळा विचार केला असता. ती उशिरा आली, म्हणून मला हबवरच्या, म्हणजे डिस्क आणि चाक ज्यावर बसतात त्या भागावरच्या, गंजाचा संशय येतो. डिस्क जिथे टेकते तिथे गंजाचा पापुद्रा राहिला, तर डिस्क किंचित तिरकी बसते आणि बाहेरच्या कडेला तो तिरकेपणा आणखी वाढतो. मग ब्रेक सुटलेला असतानाही डिस्कचा तोच भाग दर फेऱ्याला पॅडला घासतो आणि तिथे ती पातळ होते. ही झीज हळूहळू होते, म्हणून आधी काहीच जाणवत नाही.

सगळे नट आवळून डिस्कच्या कडेजवळ डायल गेज (डिस्क किती डुलते ते काट्यावर दाखवणारं मापक) लावा आणि एक पूर्ण फेरा द्या. बऱ्याच गाड्यांत या डुलण्याची मर्यादा ०.०५ ते ०.१ मिमीच्या दरम्यान असते, तुमच्या गाडीची मॅन्युअलमध्ये मिळेल. जाडी मायक्रोमीटरने सात-आठ ठिकाणी मोजा. ती कमी-जास्त भरली तर डिस्क लेथवर घासून घेता येते, मात्र डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या खाली जाता कामा नये. पण आधी हब साफ करा, नाहीतर तीच डिस्क पुन्हा तिरकी बसेल. तारेचा ब्रश सपाट भागावर चालतो, चाकाचे नट ज्यांवर बसतात त्या स्टडच्या मुळाशी पोचत नाही. तिथे जुना हॅकसॉ ब्लेड आडवा धरून खरवडा आणि नखाला काही अडकेनासं होईपर्यंत प्रत्येक स्टडभोवती चाचपून बघा.